शाळा आणि उपचार एकाच छताखाली : ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’ ते ‘अडॅप्ट’

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज वाहू लागली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र, आणि ते आपल्या किनाऱ्यावर, नवापूर-दांडीच्या शेजारी. पण त्याच वर्षी या पट्ट्यातल्या एखाद्या घरात जन्मतः मेंदूला इजा झालेले मूल असते, तर त्याच्या आईने त्याला घेऊन कुठे जावे, याचे उत्तर बोईसरला नव्हते, ठाण्याला नव्हते आणि खरे तर मुंबईतही नव्हते. व्यायाम शिकवणारे रुग्णालय होते, पण तिथे शाळा नव्हती. शाळा होत्या, पण त्या अशा मुलाला दारातूनच परत पाठवत. तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या कुलाब्यात एका आईने या प्रश्नाला उत्तर शोधले. ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ आणि पुढे ‘अडॅप्ट’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या पन्नास वर्षांचा हा आढावा पालघर जिल्ह्यातला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. संस्था मुंबईची असली तरी तिच्या कामातला एक महत्त्वाचा धागा आपल्या बोर्डी-कोसबाडपर्यंत पोहोचतो.

पायाभरणीच्या आधी : १९४४ ते १९७२

संस्था पोकळीत जन्माला येत नाहीत. मुंबईत या क्षेत्रातली पहिली पावले आईबापांनी टाकली. वकील आडनावाच्या दांपत्याने १९४४ मध्ये आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या वर्गातून आजची जय वकील शाळा उभी राहिली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी ही देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि त्या धडपडीतून १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था निघाली. हाजीअलीच्या परिसरात तिचे काम पुढे वाढले.

या यादीत कमला निंबकर यांचे नाव मला आवर्जून घ्यायचे आहे, कारण स्मरणिकांतून ते सहसा सुटते. मूळच्या अमेरिकन असलेल्या, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, देशातले पहिले विद्यालय सुरू केले. हाताला काम देऊन शरीर आणि मन दोन्ही सावरायचे, चमचा धरणे, बटण लावणे, पाटीवर रेघ ओढणे हेच औषध मानायचे, ही त्या शास्त्राची दृष्टी. पुढे कुलाब्यात जी शाळा निघाली, तिला लागणारे प्रशिक्षित हात या शहरात तयार होऊ लागले होते, याचे श्रेय त्या पहिल्या पिढीला आहे. हाजीअलीलाच १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. म्हणजे उपचार होते. शिक्षणाशी त्यांची गाठ कुणी घातली नव्हती.

स्थापनेचे दशक : १९७२ ते १९८०

मालिनी चिब हिचा जन्म १९६६ मध्ये कोलकात्यात झाला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाली. या मुलीच्या बाबतीत फारसे काही करता येणार नाही, असे वैद्यकीय मत पडले. आई मिथू अलूर यांनी ते मानले नाही. कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे मालिनीला शाळाही मिळाली आणि उपचारही, आणि या मुलीची बुद्धी शाबूत आहे हे तिथल्या शिक्षकांना लवकरच कळून आले. मिथूताईंनी स्वतः लंडनमध्ये विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले. भारतात परतल्यावर मात्र मुलीला घेईल अशी शाळा सापडेना. तेव्हा त्यांनी शाळाच काढली.

१९७२ मध्ये कुलाब्यात हातावर मोजण्याइतक्या मुलांना घेऊन वर्ग सुरू झाला. नर्गिस दत्त संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. त्यांच्या नावाचे वजन आणि त्यांनी मनापासून दिलेला वेळ, दोन्ही त्या काळात मोलाचे ठरले. ‘स्पॅस्टिक’ हा शब्दच लोकांना नवा होता. अशा मुलाला लोक ‘वेडे’ म्हणत, नाहीतर गेल्या जन्मीच्या पापाचे फळ. आईबापसुद्धा पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत नेऊन ठेवत. देणग्या मागायला गेलेल्या कार्यकर्त्यांना पैशांच्या आधी हा आजार समजावून सांगावा लागे.

तो इथेही थोडा सांगितला पाहिजे, म्हणजे संस्थेने नेमके काय केले ते कळेल. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लगेच झालेली इजा. ही इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा बिघडवते. हातपाय ताठ होतात किंवा नको तेव्हा हलतात, मान सावरत नाही, लाळ गळते, जीभ आणि ओठ ऐकत नसल्यामुळे बोलणे अस्पष्ट होते. काही मुलांना त्यासोबत बौद्धिक किंवा अध्ययनाची अडचण असते, काहींना मुळीच नसते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांतला फरक दिसत नाही, आणि बोलता न येणारे मूल ‘मतिमंद’ ठरते. या एका गैरसमजापायी किती हुशार मुले अक्षरओळखीविना मोठी झाली, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

कुलाब्याच्या वर्गात शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच मुलाभोवती एकत्र बसत. आज हे साधे वाटेल, पण देशात हा पहिलाच प्रयोग होता. गणित शिकवण्याआधी मुलाला नीट बसवावे लागे, कारण धड अस्थिर असेल तर ते सावरण्यातच हात अडकून पडतो. पाठीला आणि कंबरेला आधार देणारी कोपऱ्याची खुर्ची, उभे राहण्याची लाकडी चौकट, उतरते मेज ही साधने आली ती त्यासाठी. वाचोपचार भाषेपासून सुरू होत नसे, तो घास चावण्यापासून आणि गिळण्यापासून सुरू होई, कारण खाण्याचे आणि बोलण्याचे स्नायू तेच. लंडनमध्ये बोबाथ दांपत्याने विकसित केलेली, मुलाच्या हालचालींना वळण लावण्याची पद्धत इथल्या परिस्थितीला बेतून घेतली गेली. आईला बाजूला न बसवता तिला उपचारात भागीदार केले गेले. आठवड्यातला एखादा तास उपचारकाचा, बाकीचे सगळे तास आईचे, हा हिशेब पहिल्यापासून स्पष्ट होता.

थोड्याच काळात इतर शहरांतून पालकांचे बोलावणे येऊ लागले. १९७४ मध्ये कोलकात्यात याच धर्तीवर संस्था निघाली आणि त्यानंतर दिल्लीत. ही केंद्रे यथावकाश स्वायत्त झाली व आपापल्या नावाने वाढली.

विस्ताराचे दशक : १९८० चे

या दशकात दक्षिणेत बंगळूरला आणि १९८५ मध्ये चेन्नईला काम उभे राहिले. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला दुसरे केंद्र आले. त्याच परिसरात १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय श्रवणदोष संस्था सुरू झाली आणि वांद्र्याचा तो कोपरा अपंगत्वाच्या कामाचे ठिकाण म्हणून ओळखला जाऊ लागला. चेंबूरला तरुणांच्या व्यवसाय प्रशिक्षणाची सोय झाली, कारण पहिल्या वर्गातली मुले आता मोठी झाली होती. शाळा संपल्यावर काय, हा प्रश्न कुठल्याही विशेष शाळेला दहा-बारा वर्षांनी गाठतोच.

कुलाबा आणि वांद्रे म्हटले की हे काम श्रीमंतांपुरते होते अशी समजूत होऊ शकते. तसे नव्हते. धारावीच्या वस्तीत संस्थेचे कार्यकर्ते याच काळात जाऊ लागले. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सहा माणसे झोपतात, तिथे उभे राहण्याची चौकट ठेवायची कुठे? मग गादीची गुंडाळी, उलटी ठेवलेली बादली, जुन्या टायरचा तुकडा यांतून साधने तयार झाली. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळले की आखडलेल्या बोटांना तो धरता येतो. पेन्सिलीवर रबराची जाड नळी चढवली की पकड येते. सहाय्यक तंत्रज्ञान म्हटले की आपल्याला यंत्र आठवते, पण त्याची सुरुवात या चमच्यापासून होते, हे धारावीने दाखवून दिले. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत दूरगामी काम आहे, कारण जे धारावीच्या खोलीत जमले ते विक्रमगडच्या पाड्यावर आणि नवापूरच्या कोळीवाड्यातही जमू शकते.

जे मूल बोलू शकत नाही त्याच्यासाठी चित्रांचे आणि शब्दांचे फलक आले. मूल बोटाने, आणि बोट ऐकत नसेल तर डोळ्याने, चित्राकडे निर्देश करते: पाणी, शू, दुखतंय, नको. ‘नको’ म्हणता येणे ही फार मोठी गोष्ट असते. तोवर त्या मुलाच्या वतीने सगळे ‘हो’ दुसऱ्यांनीच म्हटलेले असतात.

मालिनी स्वतः एका बोटाने टंकलेखन करायला शिकली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ती पदवीधर झाली, पुढे इंग्लंडमध्ये तिने दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले. टंकलेला मजकूर आवाजात बोलून दाखवणारे यंत्र ती वापरू लागली. १९८९ मध्ये मिथू अलूर यांना पद्मश्री मिळाली. तो सन्मान संस्थेतल्या शिक्षिकांचा, उपचारकांचा, आयाबाईंचा आणि मुलांना उचलून जिने चढणाऱ्या गाडीवाल्यांचाही होता.

कायदा आणि कोसबाडचा धागा : १९९० चे दशक

नव्वदच्या दशकात देशाचा कायदा बदलला. १९९२ मध्ये पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला दर्जा आला. १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम, १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम, ही पावले त्यामागोमाग पडली. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या, असे करणारे हे देशातले पहिले राज्य. वाचन-लेखनात अडखळणारा मुलगा आळशी नाही, हे सरकारी कागदावर पहिल्यांदा मान्य झाले. मात्र त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळवायला सायन, नायर, केईएम ही मुंबईतली मोठी रुग्णालयेच गाठावी लागत, आणि डहाणू-तलासरीच्या मुलाला त्या सवलतीचा पत्ताच नसे.

याच काळात मिथू अलूर यांनी लंडन विद्यापीठात संशोधन केले. त्यांचा विषय होता भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपल्या गावोगावच्या अंगणवाड्या. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि जगातली अशा स्वरूपाची सर्वांत मोठी योजना बनली. अलूर यांनी दाखवून दिले की कागदावर ती सर्व बालकांसाठी असली, तरी अपंग मूल तिच्यातून वगळले गेले आहे. अंगणवाडीच्या ताईला त्याच्याबद्दल काही शिकवलेले नाही, तिच्या नोंदवहीत त्याला रकाना नाही, आणि आईलाही वाटते की हे मूल तिथे न्यायचे नसते.

पालघरच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. अंगणवाडीची कल्पना आपल्या मातीतली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या, आणि ताराबाईंच्या मागे अनुताईंनी ते अखेरपर्यंत चालवले. उत्तरायुष्यात त्यांनी मूकबधिर मुलांसाठीही शाळा उभारली. ज्या कल्पनेचा मूळ हेतूच बाहेर राहिलेल्या मुलाला आत घेण्याचा होता, ती सरकारी योजना होताना एक मूल पुन्हा बाहेर राहिले. कुलाब्याच्या संस्थेने ते राष्ट्रासमोर मांडले. ताराबाईंनी सुरू केलेले काम कुलाब्याने पुढे नेले, असे मला वाटते.

समावेशनाचे दशक : २००० ते २०१०

१९९९ मध्ये कॅनडाच्या सहकार्याने वांद्र्याला समावेशनाचे राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन झाले आणि संस्थेने आपल्या पंचवीस वर्षांच्या वाटेला वळण दिले. विशेष शाळेतली मुले शेजारच्या साध्या शाळेत जायला हवीत, असे ठरले. ज्यांनी विशेष शाळा उभारली त्यांनीच तिची दारे दुसऱ्या बाजूने उघडायची, हा निर्णय सोपा नव्हता. त्यावर विचारविनिमय पुष्कळ झाला, आणि अखेर सर्वांनी मिळून तो पार पाडला. शिक्षिका आता साध्या शाळांतून फिरू लागल्या. तिथल्या मुख्याध्यापकांना उताराचा रस्ता, तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेला लेखनिक या गोष्टी पटवून देऊ लागल्या. युनिसेफच्या साथीने मुंबईच्या वस्त्यांमधल्या अंगणवाड्यांत अपंग आणि इतर मुले एकत्र बसवण्याचे काम झाले. प्रबंधात जे मांडले होते, ते जमिनीवर करून पाहिले गेले.

पुढे संस्थेने ‘एबल डिसेबल्ड ऑल पीपल टुगेदर’, थोडक्यात ‘अडॅप्ट’, हे नाव घेतले. मालिनीच्या पुढाकाराने अपंग तरुणांचा हक्कगट उभा राहिला. फुटपाथ, रेल्वे, नाट्यगृहे सर्वांसाठी असावीत, ही मागणी त्यांनी रस्त्यावर येऊन केली. तिचे आत्मचरित्र ‘वन लिटल फिंगर’ या दशकाच्या अखेरीस तयार झाले. ते एका बोटाने टंकले आहे.

२०१० नंतर

या दशकात दोन गोष्टी झाल्या: साधने स्वस्त झाली आणि कायदा रुंदावला. पूर्वी परदेशातून लाखभर रुपये मोजून आणावे लागणारे बोलके यंत्र आता मोबाइलमध्ये आले. चेन्नईत ‘आवाझ’ तयार झाले, आयआयटी मुंबईत ‘जेलो’. जेलोमधले चित्र दाबले की मराठीत वाक्य ऐकू येते. कळफलकावर बसवायची भोके असलेली पट्टी, मानेने किंवा कोपराने दाबायचे बटण, छापील मजकूर वाचून दाखवणारा फोन ही आता दुर्मीळ साधने राहिलेली नाहीत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली. मराठी माध्यमातल्या मुलाचे वेलांटी-उकार चुकतात, जोडाक्षर फुटते, आणि त्याला इंग्रजी चाचणी लावून काही निष्पन्न होत नाही, हे अखेर मान्य झाले. तरीही यंत्र घेऊन देणे म्हणजे काम संपले असे नाही. ते कुठल्या कोनात बसवायचे, मुलाचा कोणता स्नायू त्यावर ताबा ठेवू शकेल, घरचे त्याच्या उत्तराची वाट पाहतील का, हे पाहायला उपचारक लागतो. फोन घरात आला आणि उपचारक नसला, तर त्यावर मूल गाणी पाहत बसते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्या हक्कासाठी १९७२ मध्ये एका आईला शाळा काढावी लागली, तो आता कायद्याच्या पुस्तकात आहे. कुलाबा, वांद्रे, चेंबूर आणि धारावीत संस्थेचे उपचार, शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षणाचे काम चालू राहिले, आणि २०२२ मध्ये तिने पन्नाशी पूर्ण केली.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला, हे फार थोड्यांना आठवते. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब हे सगळे अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासायचे, आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची रचना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. कागद, गाडी आणि जिल्हा तिन्ही आले. तरी ताठ पायांच्या मुलाला कडेवर घेऊन बोईसरच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढणे आणि आठवड्यातून दोनदा मुंबई गाठणे ही शिक्षाच आहे. मासेमारीचा हंगाम चालू असताना घरातल्या बाईला तेवढा दिवस मिळत नाही. कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या बापाचा खाडा होतो. तीन-चार खेपांनंतर घरातले सगळे थकतात आणि उपचार सुटतो. कुलाब्याचे प्रारूप पुन्हा पुन्हा सांगायचे ते एवढ्यासाठी, की शाळा आणि उपचार एकत्र हवेत, तसे ते मुलाच्या गावाजवळही हवेत.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे. आपल्या घरात किंवा शेजारी चार महिने उलटूनही मान न धरणारे, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय न बसणारे मूल असेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बसतात’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा, बाल स्वास्थ्य पथकाकडून तपासणी मागा, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढून घ्या. तारापूर-बोईसरच्या वसाहतींत निवृत्त झालेल्या शिक्षिका, परिचारिका आणि उपचारकांनी आठवड्यातला एक दिवस जवळच्या अंगणवाडीला द्यावा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी आपल्या सामाजिक निधीतून नवापूर, दांडी, उच्छेळी या किनाऱ्यासाठी एक उपचारकेंद्र उभारावे. जागा ग्रामपंचायत देऊ शकेल आणि खुर्च्या गावचा सुतार करू शकेल. उपचारकाचा पगार कोण देणार, एवढेच ठरवायचे आहे.